मोबाईलची अवस

माझ्या नातीचं लग्न ठरायच्या आधीच मी त्याच्या पत्रिका वाटून मोकळी झाले होते. भर दुपारी, ओट्यावर बसून, एका बोटानं. गावात गेल्या, सोयऱ्यांत गेल्या, सडक अर्जुनीच्या बँडवाल्याला गेली, पीठगिरणीवाल्याला गेली, आणि ज्यांच्या घरी नात द्यायची बोलणी चालली होती, त्यांच्याही घरी गेली.

तेव्हा मी लहान होते. बासष्ट वर्षांची. आता सत्तरीला टेकल्यावर त्या बासष्टच्या पोरीकडे वळून पाहिलं की वाटतं, हिच्या हातात मोबाईल दिला कोणी? दिला होता सोनलनं, माझ्या नातीनं. ती गोंदियाला एका दवाखान्यात नर्स आहे. पहिल्या पगारातून आजीला मोबाईल घेऊन दिला, आणि आजीला वाटलं, आता आपल्याला सगळं येतं. रोज सकाळी कोणाकडून तरी गुलाबाचं फूल यायचं, ते मी सगळ्यांना पाठवायची. दुपारी तेच फूल फिरून माझ्याकडे परत आलं की 'वा, काय छान फूल आहे' म्हणून पुन्हा पाठवायची. एवढी हुशार.

पण हे मी माझ्यावर लिहीत नाही. माझ्यावर लिहायला बसले तर कागद पुरणार नाही, आणि सून वाचेल. हे डोमाजींवर आहे.

डोमाजी आमच्या तलावाचं पाणी वाटायचे. आमच्या गावात वाडवडिलांनी आधी तलाव बांधला, मग घरं, आणि घरं झाल्यावर लगेच पाण्यावरून भांडणं. ती भांडणं मिटवायला तलावाची पार, म्हणजे बांध, राखणारं आणि पाणी सोडणारं एक घर ठरलं. ते डोमाजींचं. कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या तुकड्याला, कधी पाणी मिळेल हे त्यांच्या तोंडात, म्हणून गावातलं प्रत्येक माणूस वर्षातून एकदा तरी त्यांच्यावर रुसलेलं असायचं. त्यांना त्याची फिकीर नव्हती. उंच, वाळलेला देह, खांद्यावर दुपट्टा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगातलं सगळं पाणी यांना विचारूनच उताराला जातं.

माझ्या नवऱ्याचे ते लांबचे भाऊ. नातं मोजायला बसलं तर चहा थंड होतो, म्हणून मी सरळ भाऊजी म्हणायची. आणि भाऊजी म्हटलं की थट्टेचा परवाना मिळतो. तो आम्ही दोघांनीही भरपूर वापरला.

त्यांचा मोबाईल राहायचा स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात. खाली कापूस, वर कापूस, मधे मोबाईल. फोन आला की डबा असा खणखणायचा की पारीवरून अर्ध्या गावाला ऐकू यायचं. डोमाजी बोलता बोलता हात वर करून म्हणायचे, "थांबा, पोळी वाजून राहिली." मग डब्याचं झाकण उघडायचं, कापूस बाजूला करायचा, चष्मा शोधायचा. तोवर समोरचा कंटाळून फोन ठेवून द्यायचा. डोमाजी खूश. "ज्याले काम हाये तो डबल लावते. ज्याले नाई, त्याच्याशी बोलाचं कायले?"

पाण्याच्या पाळीसाठी त्यांनी मोबाईलवर एक ग्रुप केला होता, 'तलाव पानी' नावाचा. लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून सगळे निरोप बोलून. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसे ओरडून बोलायचे, आणि सुरुवात ठरलेली: "हलो, मी डोमा बोलून राहिलो, पारीवरून." मी एकदा म्हटलं, "भाऊजी, वर तुमचं नाव येते ना. कोण बोलून राहिला ते समजते." तर म्हणाले, "नाव तर दारावरच्या पाटीवरबी राह्यते, वयनी. तरी मानूस हाक मारूनच अंदर येते ना?" निरोप पाठवून झाला की तो स्वतः लावून ऐकायचे, आणि ऐकताना 'बरोबर आहे' अशी मान हलवायचे. मला ठाऊक असलेल्या जगात आपलं बोलणं इतक्या आदरानं ऐकणारा दुसरा माणूस नाही.

त्यांच्या मोबाईलमध्ये माणसांची नावं नव्हती, बांध्यांची होती. 'आंब्याखालची बांधी.' 'देवळामागची.' 'खडकाळ.' एकदा त्यांच्या समोरच मी त्यांना फोन लावला, आणि त्यांच्या पडद्यावर आलं, 'शेवटची बांधी'. मला असा राग आला म्हणता! आमची बांधी तलावापासून सगळ्यात लांब, पाणी सगळ्यांचं झाल्यावर आमच्याकडे येतं, हे खरं. पण म्हणून माणसाचं नाव असं?

"मी शेवटची?"

"मंग का पयली लिहू? पानी थोडीच आयकते."

आठवडाभर मी त्यांना गुलाब पाठवला नाही. त्यांना कळलंही नाही. माझ्या गुलाबांचा आवाज त्यांनी आधीच बंद करून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं.

मोबाईलची सगळी विद्या त्यांनी तलावातून काढली होती. माझा मोबाईल सारखा अडकायचा, जागा संपली म्हणून कुरकुरायचा. त्यांनी तो हातात घेतला, खाली-वर सरकवला आणि विचारलं, "तलाव भरला का जादा पानी कुठून जाते?"

"सलंगीतून." तलावाच्या काठाला जादा पाणी वाहून जायला ठेवलेली वाट, ती सलंग.

"याले सलंग नाई. हा सोताहून एक थेंब सोडत नाई. तुमालेच सोडा लागते. हे पाहा, एकच गनपती सत्राजागी. देव एक हाये का नाई?"

मग त्यांनी मला शिकवलं, की येणारा प्रत्येक फोटो आपोआप आत उतरतो ते बंद कसं करायचं, आणि आठवड्यातून एकदा बसून गाळ कसा उपसायचा. ते मी आजही करते. गाळात अजूनही गणपतीच जास्त सापडतात.

पण त्यांचा खरा मंत्र एकच होता: कायले? म्हणजे, कशाला? मोबाईल काहीही विचारो, परवानगी मागो, होय म्हणा म्हणो, डोमाजींचा पहिला शब्द 'कायले?' एकदा त्यांनी कुठलीतरी जाहिरात पाहून बॅटरीचं अ‍ॅप घेतलं, उजेडाची बॅटरी, जी मोबाईलमध्ये आधीच असते. त्या अ‍ॅपनं विचारलं, तुमच्या सगळ्या नंबरांची यादी पाहू का? डोमाजी पारीवर उभे राहून मोबाईललाच ओरडले, "बॅटरीले माये सोयरे कायले पायजेत? अंधारात का त्यायच्या घरी जाऊन राहिली?" आणि ते काढून टाकलं. त्याच दिवशी पावसाच्या अंदाजाच्या अ‍ॅपनं विचारलं, तुम्ही कुठे आहात ते पाहू का? तिथे मात्र थांबून विचार केला. "हे बरोबर हाये. पाऊस कुठं पडन हे सांगाले जागा तर पायजेच. पाहाय बाबा. पन मी खोलीन तवाच पाहाय, बाकी टायमाले नाई." आणि बरोबर तेवढीच परवानगी दिली.

आता कोणाला वाटेल, डोमाजी म्हणजे मोठे ज्ञानी. छे! चुकले की तितक्याच जोरानं चुकायचे. एकदा पारीवरून वाकून पाहताना त्यांचा मोबाईल पाण्यात पडला. काढला, पुसला आणि सरळ तांदळाच्या पिंपात खुपसला. का तर भाऊबंदांत कोणीतरी सांगितलं होतं, तांदूळ पाणी शोषतो. बरं, साधा तांदूळ नाही, चिन्नोर! पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला, वासाचा. पारबतावयनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "जाड्या तांदुळात टाका ना!" तर म्हणाले, "जाडा तांदूळ जाडं पानी वढते. मोबाईलमंधी पानी बारीक राह्यते." यावर काय बोलणार? वर तो चालू होतो का हे पाहायला मधून मधून काढून दाबायचे, तेही करू नये ते. शेवटी गोंदियाला स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. मी सोबत होते. त्यानं चार्जिंगच्या भोकात सुई घातली, बारीक कणी काढली, आणखी काढली, आणि म्हणाला, "चाचा, ये मोबाइल है कि बोरा? गीला हुआ तो बंद करके, पोंछ के सीधा लाना था. चावल खिलाने को किसने बोला?"

डोमाजींनी मोबाईल डब्यात ठेवून झाकण लावलं. परतीच्या बसमध्ये फक्त एवढं म्हणाले, "चिन्नोर नसन जुना. नवा असन." त्या तांदळाचा भात पारबतावयनीनं आम्हाला सगळ्यांना जेवू घातला आणि प्रत्येकाला वाढताना म्हणाली, "घ्या, मोबाईलचा भात."

आणि अवस. ही त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा. आमच्याकडे अवसेला बैलाला नांगराला जुंपत नाहीत. बैल त्या दिवशी गोठ्यात उभा राहतो, खातो, झोपतो. डोमाजींनी बैल विकले, ट्रॅक्टर आले, पण अवस सोडली नाही. अमावास्येला सकाळी ते मोबाईल पूर्ण बंद करायचे आणि डबा देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात, ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू. मी म्हणायची, "भाऊजी, तो काय बैल हाये?" ते म्हणायचे, "जू खांद्यावर हाये तो बैलच. एक दिवस डोकं थंड होऊ द्या त्याचं." गंमत म्हणजे त्यांचा तो जुनाट मोबाईल माझ्या नव्या मोबाईलपेक्षा सरळ, सुतासारखा चालायचा. सोनल सांगते, मधून मधून बंद करून चालू करणं बरंच असतं. पण माझी खात्री आहे, ती विश्रांती मोबाईलला नव्हती, डोमाजींना होती. महिन्यातून एक दिवस डोमाजींना कोणी पाणी मागू शकत नव्हतं.

आता माझी पत्रिका.

सोनलसाठी तिरोड्याकडचं एक स्थळ आलं होतं, बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावचं. मुलाचं नाव निखिल, शेती आणि खताबियाण्यांचं दुकान. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि पाहून आल्यापासून सोनल घरात विनाकारण गाणं गुणगुणत होती. आमच्या सोनलला मी तिच्या दहावीच्या निकालानंतर गाताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरचा कारभार मात्र आजीच्या हाती, कौशल्याबाईंच्या. त्यांनी "विचार करून सांगते" म्हटलं होतं. मी रोज त्यांना गुलाब पाठवत होते. माझ्या मते ही बोलणी होती.

तशात एका दुपारी माझ्या भाचीच्या नंबरवरून पत्रिका आली. 'आमच्याकडे लग्न आहे, पत्रिका पाहा, नक्की या.' आता लग्नाची पत्रिका आली आणि उघडली नाही, असं आमच्याकडे होतं का? तो अपमान झाला. मी दाबलं. मोबाईल म्हणाला, हे धोक्याचं असू शकतं, तरी घ्यायचं का? मी म्हटलं, भाचीचं लग्नकार्य धोक्याचं कसं असेल? घे. त्यानं विचारलं, तुमचे नंबर पाहू का? पाहा. संदेश पाहू का? पाहा ना. पाहुणा दारात उभा राहून नम्रपणे विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? माझ्यावर संस्कारच तसे. सगळ्याला होय म्हटलं, आणि पत्रिका काही दिसेना. मी मोबाईल उशाला ठेवून झोपले.

उठले तेव्हा अंगणात शेजारणी उभ्या होत्या. लाल तोंडानं.

"सोनलचं ठरलं आन आमाले मोबाईलवर सांगता?"

"पाच घरं चालणं नाई झालं तुमच्यानं?"

मी झोपले असताना माझ्या मोबाईलनं माझ्या नावानं, माझ्याच यादीतल्या प्रत्येकाला तीच पत्रिका पाठवली होती. 'आमच्याकडे लग्न आहे.' माझ्या घरी लग्नाच्या वयाची एकच मुलगी. लोकांनी हिशेब जुळवला. बँडवाल्याचा फोन आला, "आजी, तारीख कौन सी पकडूँ?" त्याला उत्तर देते तोच दुसरा फोन आला. बोदलकशाकडून. कौशल्याबाई.

"पोरगी दुसरीकडं द्याची होती तं तसं म्हनाचं होतं. वरून आमालेच पत्रिका? जखमेवर मीठ चोळाले?"

आणि फोन बंद. मी पुन्हा लावला, उचलला नाही. मग मी घाबरून सगळ्यांना समजावण्याचे संदेश पाठवत सुटले. आणि माझ्या प्रत्येक संदेशामागोमाग मोबाईल आणखी एक पत्रिका पाठवत होता!

तेवढ्यात डोमाजींचा निरोप आला. तोच ओरडा. "हलो, मी डोमा बोलून राहिलो, पारीवरून. वयनी, पत्रिका आली. पन अक्षत कुठं हाये? तुमी पायानं चालून नाई आल्या, मंग हे लगन कोनाचं? आन हे पत्रिका माया मोबाईलमंधी राहाले जागा मांगून राहिली. पत्रिकेले राहाले जागा कायले?"

सगळ्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारणारा एक माणूस निघाला. त्यालाही लग्नाच्या बोलावण्याला घरोघर द्यायच्या हळदीच्या अक्षतांची आठवण झाली, म्हणून.

थोड्या वेळात ते स्वतःच आले, डबा काखेत मारून. मी रडत होते.

"पार फुटली तं आधी काय करता, वयनी?"

"बोंबलते."

"ते तं करूनच राहिल्या. मंग?"

"मंग... येनारं पानी थांबवते."

"थांबवा मंग. ते इमानाचं चित्र दाबा."

मी विमानाचं चित्र दाबलं. मोबाईल जगापासून तुटला आणि एकदम गप्प झाला. त्यानंतर डोमाजींनी आपल्या मोबाईलवरून सोनलला लावलं. तिनं पलीकडून एकेक पायरी सांगितली: ती पत्रिका म्हणून बसलेली वस्तू कुठे शोधायची, कशी काढायची, कुठले गुप्त आकडे बदलायचे, आणि शेवटी सगळा मोबाईल कोरा कसा करायचा. माझ्या मोबाईलवर बँकेचं काही नव्हतंच. त्या चोराला बिचाऱ्याला मिळालं काय? माझे गुलाब.

सोनलनं रागानं एक शब्द काढला नाही. फक्त शेवटी म्हणाली, "आजी, बोदलकशालाही गेली का गं पत्रिका?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. तेवढं मला पुरलं.

डोमाजींनी ग्रुपवर निरोप टाकला: "हलो, मी डोमा बोलून राहिलो, वयनीच्या अंगनातून. इथं लगन नाई. ज्यायनं पत्रिका खोलली, त्यायनं गुमान मोबाईल इमानावर टाका आन माया घरी या. कोनी हासनार नाई." संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. त्यात दुपारी मला बोलून गेलेल्या शेजारणीही होत्या. डोमाजी शब्दाला जागले नाहीत. हसले.

मी म्हटलं, "मी कौशल्याबाईंना सगळं समजावून सांगते, मोबाईल नीट झाला की."

"जे मोबाईलवर तुटलं ते मोबाईलवर जुळनार नाई. उद्या गोंदियाची सकायची बस पकडा. अक्षत भिजवा."

गोंदिया, मग तिरोडा, मग ऑटो. डोमाजींच्या मांडीवर डबा, डब्यावर अक्षतांची पुडी. मी वाटभर बोलत होते, असं सांगीन, तसं सांगीन, पाया पडेन. ते म्हणाले, "तिथं लय बोलू नका. पार फुटल्यावर कोनी पान्याले समजावत नाई बसत." ऑटोवाल्यानं विचारलं, कोणाकडे? आम्ही नाव सांगितलं. तो वळून म्हणाला, "निखिलच्या लग्नाच्या कामानं आले का? पत्रिका आमालेबी आली ना कौशल्याबाईची."

म्हणजे त्यांनीच मुलगा दुसरीकडे दिला, आणि वरून माझ्यावर ओरडल्या? मी डोमाजींकडे पाहिलं. ते बाहेर तलावाकडे पाहत गालातल्या गालात हसत होते. हसण्याचं कारण मी विचारलं, तर म्हणाले, "बोदलकशाची पार मजबूत हाये." असा माणूस.

कौशल्याबाई ओसरीवर बसल्या होत्या, मोबाईल पदराखाली. पाणी आलं. चहा आला नाही. आमच्याकडे चहा न येणं म्हणजे नकाराची नोटीस.

"काऊन आले?" त्यांनी विचारलं. "पोरगी तं देऊन टाकली तुमी."

"कोनाले?" डोमाजींनी विचारलं.

"मले काय मालूम! पत्रिका खोलली तं नावच नाई निघे. डबल खोलली. जे जे मांगलं ते ते देलं, तरी नवरदेवाचं नाव नाई सांगे. मोबाईल गरम झाला. मी त्याच्याऊन गरम झाली."

डोमाजींनी माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि ओसरीच्या मधोमध जमिनीवर ठेवला, पंचायतीसमोर आरोपी उभा करावा तसा. "पत्रिका यानं पाठवली. वयनी झोपून होत्या. घोरत असतीन, पन पत्रिका पाठवून नाई राहिल्या." मग हात पुढे करून शांतपणे म्हणाले, "आता तुमचा ठेवा, बाई."

"माझा कायले?"

"ऑटोवाल्याले निखिलच्या लग्नाची पत्रिका कोनं पाठवली?"

कौशल्याबाईंचा चेहरा! मी रोज सकाळी आरशात पाहते तोच चेहरा, फक्त दुसऱ्या गावचा. थोड्या वेळानं त्यांनी पदराखालून मोबाईल काढला आणि माझ्या मोबाईलशेजारी ठेवला. "मी नाई पाठवली. यानं पाठवली. साऱ्या तिरोड्याले."

म्हणजे मी शिष्टाचारानं होय-होय म्हटलं होतं आणि त्यांनी रागानं. चोराला दोन्ही चालतं.

डोमाजींनी दोन्ही मोबाईलकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "पोरीकडच्या पत्रिका वाटून झाल्या. पोराकडच्याबी वाटून झाल्या. बँडवाला तारीख विचारून राहिला. आता लगन नाई केलं तं लोक काय म्हनतीन?"

आधी कौशल्याबाईंचं पोट हललं, मग खांदे, आणि मग त्या अशा हसल्या की आतून निखिल धावत आला. हातात चहाचा ट्रे घेऊन. म्हणजे दाराआड तयारच उभा होता. त्यानं सांगितलं, सोनलनं त्याला सगळं कालच कळवलं होतं, तो आजीला सांगून थकला. पण आजी म्हणे, आता मोबाईलवरून आलेला एकही शब्द मी खरा मानणार नाही, ज्याला गरज असेल तो पायानं येईल. डोमाजींनी पुडी सोडली आणि हळदीची अक्षत कौशल्याबाईंच्या हातावर ठेवली. "हे लग्नाची नाई. आमच्याकडं बोलनी कराले या, त्याची." त्यांनी ती डोळ्यांना लावली.

लग्न झालं. खऱ्या पत्रिका मी घरोघर चालून वाटल्या, तरी चार जण म्हणालेच, "हे तं मागंच आली होती."

नंतर डोमाजींचे गुडघे गेले. पारीवर चढणं होईना. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि ग्रुपचा कारभार माझ्या मोबाईलवर टाकून दिला. पाणी सोडायला पुतण्या होता, पण पाळी ठरवायची आणि सांगायची मी. मी म्हटलं, "भाऊजी, साऱ्या गावात मीच दिसली? जिनं चोराला चहापाणी विचारलं?"

"म्हूनच. फसलेलं मानूस दारावर बरं राह्यते. आन पानी वाटनाऱ्याची बांधी शेवटची पायजे. वरच्या बांधीवाल्याच्या हातात देलं का तो आधी आपलं भरते. शेवटचा साऱ्यायचं पोचवल्याशिवाय आपलं नाई भरू शकत."

मला तेव्हा 'शेवटची बांधी' या नावाचा राग पहिल्यांदा आला नाही. थोडा आला. पण कमी.

सोनलला मुलगी झाली तेव्हा बारशाचं बोलावणं घेऊन मी त्यांच्याकडे गेले, अक्षत घेऊन, पायानं. अवस होती. डबा देवळीत, आणि डोमाजी अंगणात खाटेवर उन्हाला पाठ देऊन बसलेले. फार वाळले होते. मी म्हटलं, "भाऊजी, फोन लावून सांगनार होती, पण तुमचा बैल बसला आहे." ते हसले. अक्षत घेतली, डबा मागितला, झाकण उघडून कापसावर, मोबाईलशेजारी, ती नीट ठेवली. "येतो," म्हणाले. मी फाटकाशी पोचले तर मागून हाक आली, "वयनी, पोरीचं नाव काय ठेवून राहिल्या?" मी म्हटलं, बारशालाच कळेल. त्यांनी हात वर केला. उन्हात, खाटेवर, हात वर केलेले डोमाजी. तेच शेवटचे पाहिले मी.

बारशाला पारबतावयनी आली नाही, त्या घरून कोणीच आलं नाही. त्यांच्या घरी तेव्हा सुतक होतं.

ग्रुपमध्ये त्यांचा नंबर तसाच होता. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आला, मी पाळीचे निरोप टाकू लागले, आणि लोक सवयीनं अजून त्यांनाच विचारायचे, "डोमाजी, आमचं कवा?" कोणीतरी म्हणालं, गेलेल्या माणसाचा नंबर ग्रुपमध्ये ठेवू नये, काढून टाका. कारभारीण मी. बोट त्या नावावर नेलं, पण दाबवेना. मग मी पारबतावयनीकडे गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती. डबा देवळीतच होता. मी कसंबसं विचारलं, भाऊजींचा नंबर ग्रुपमधून काढू का?

तिनं सूप थांबवलं नाही. म्हणाली,

"काढता कायले, बाई? अवस हाये म्हून समजा."